दुसरं सूत्र

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. तिलाही त्याचं वाईट वाटत नसे. नाव पाडणाऱ्यांनी निदान काम तरी बरोबर ओळखलं, असं ती म्हणायची. क्रिप्टोच्या बातम्या देणारी ती एक छोटीशी वेबसाइट होती. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातल्या एकीची खिडकी उघडायची आणि दुसरीची कायमची रुसलेली. पाच-सहा माणसं दिवसभर स्क्रीनला डोळे लावून बसायची, आणि त्यांनी आणलेली प्रत्येक बातमी बाहेर पडण्याआधी चाळणीच्या टेबलावर यायची. तिथून ती कधी तासाभरात सुटायची, कधी दोन दिवस पडून राहायची आणि पुष्कळदा तिथेच मरायची.

मरायची तेच बरं. क्रिप्टोच्या दुनियेत अफवांना तोटा नाही. नाव-गाव नसलेला कुणी माणूस मांजराचा फोटो लावून ठोकून देतो की अमुक कॉइन उद्या दुप्पट होणार, आणि भलेभले शिकलेले लोक त्याच्यामागे धावत सुटतात. भाजी घेताना चार ठिकाणी भाव विचारणारी हीच माणसं. त्यामुळे कुणी काही सांगितलं की चाळणीचा पहिला प्रश्न ठरलेला असे: हे सांगून याला काय मिळणार? सांगणाऱ्याकडे तेच कॉइन पडून असेल तर तो बातमी देत नसून गिऱ्हाईक शोधतोय, हे ती पक्कं धरून चाले. मग त्याला ते कळलं कसं, डोळ्यांनी पाहिलं की कुणाकडून ऐकलं, याची ती चिवटपणे उलटतपासणी करी. आणि एवढं सगळं पार पडल्यावरही, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी तीच गोष्ट सांगितल्याशिवाय ती ‘चालेल’ म्हणत नसे. एक सूत्र म्हणजे गप्पा, दोन सूत्रं म्हणजे बातमी, हे तिचं साधं गणित होतं.

विचारण्याचीही तिची एक रीत होती. मूठ झाकून विचारायचं. आपल्याला काय कळलंय ते समोरच्याला दाखवायचं नाही. ‘त्या कंपनीबद्दल काही कानावर आलंय का’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. माणसाला गप्प बसणं सहन होत नाही, तो आपणच बोलायला लागतो. नव्या बातमीदारांना ती हे पहिल्याच आठवड्यात शिकवायची. तुम्हीच उत्तर पुढे केलंत तर तो तेच तुम्हाला परत देईल आणि तुम्ही खूश व्हाल, असं ती बजावायची.

तिचा दादा एका मोठ्या क्रिप्टो एक्सचेंजमध्ये नोकरीला होता. लोक तिथे पैसे भरून कॉइन घेतात, विकतात, ठेवतात, पुन्हा पैसे काढून नेतात. दादा तक्रारींच्या विभागात. माझे पैसे अडकले, माझा पासवर्ड हरवला, माझ्या मुलाने चुकून सगळं विकून टाकलं, असली रडगाणी ऐकून घेणं हे त्याचं काम, आणि तो ते मनापासून करायचा. चाळणीने ही नोकरी धरली तेव्हा वहिनीने जेवणाच्या टेबलावरच करार करून टाकला होता. दोघांनीही ऑफिस दाराबाहेर ठेवायचं, माझ्या घरात बातम्या शिजणार नाहीत. दोघांनी तो पाळला. दर रविवारी चाळणी तिथे जेवायला जायची, आणि बहुतेक वेळा दादाचा एक मित्रही असायचा. त्याला सगळे किल्लीवाला म्हणत, कारण एक्सचेंजची डिजिटल तिजोरी ज्यांच्या सहीने उघडते अशा मोजक्या माणसांत तो होता. एवढ्या मोठ्या जबाबदारीचा माणूस, पण वागायला अगदी घरातला. वहिनीचं बिघडलेलं शिलाई मशीन त्याने जमिनीवर मांडी घालून दुरुस्त करून दिलं होतं. तोही त्या टेबलावर ऑफिसाबद्दल चकार शब्द काढत नसे.

एका सोमवारी सकाळी तुफान धापा टाकत तिच्या टेबलाशी आला. तुफान हा त्यांचा सगळ्यात घाईचा बातमीदार. जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढायचा आणि वाक्यंही तशीच बोलायचा. त्याला घुबडाचा निरोप आला होता. घुबड म्हणजे एक निनावी खातं, त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नाही, पण त्याने सांगितलेली गोष्ट यापूर्वी खरी ठरली होती. घुबडाचं म्हणणं असं की दादाचं एक्सचेंज याच आठवड्यात लोकांचे पैसे काढणं बंद करणार. सोबत पुरावाही जोडला होता. एक्सचेंजच्या जुन्या तिजोरीतून मोठाल्या रकमा कुठल्याशा नव्या, अनोळखी पत्त्यांवर चालल्या होत्या.

चाळणीने ते स्वतः उघडून पाहिलं. रकमा खरंच हलत होत्या. क्रिप्टोचं हे एक विचित्रच आहे: पैसा कुठून कुठे गेला ते साऱ्या जगाला दिसतं, आणि का गेला ते कुणालाच दिसत नाही. मालक गाशा गुंडाळत असतील किंवा तिजोरीला नुसतं नवं कुलूप लावत असतील, बाहेरून दोन्ही सारखंच दिसणार.

दादाला फोन केला असता तर एका मिनिटात सोक्षमोक्ष लागला असता. तो विचार तिच्या मनात आला आणि तिने तो झटकून टाकला. नातेवाईक हे सूत्र नव्हे, आणि त्याला आधीच सावध करणं हेही तिच्या पेशात बसणारं नव्हतं. बातमी खरी असेल तर दादाची नोकरी गेल्यातच जमा होती; पण आपण नियमाला धरून चाललो आहोत याचा तिला थोडा अभिमानही वाटला. एक्सचेंजच्या प्रवक्त्याला तिने रीतसर विचारलं. अफवांवर आम्ही भाष्य करत नाही, असं उत्तर आलं. खरं असलं तरी हेच येतं आणि खोटं असलं तरी हेच.

दुपारी दुसऱ्या एका वेबसाइटने त्या एक्सचेंजबद्दल ‘कुजबुज सुरू’ म्हणून दोन ओळी सोडल्या आणि ऑफिसात आग लागली. संपादक खुर्चीवरून उठले. ते पूर्वी खेळाच्या बातम्या द्यायचे. सामना संपायच्या आत निकाल लिहून ठेवायची सवय त्यांना अजून होती. चाळणीच्या टेबलाला टेकून त्यांनी शांतपणे विचारलं, की आपण पहिले असणार आहोत की दुसरे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला नंतर फार वाटलं.

त्या गडबडीत तिने तपासनीस काकांना निरोप धाडला. काका निवृत्त हिशेबतपासनीस. क्रिप्टो कंपन्यांचे हिशेब उलगडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तिच्यावर त्यांची माया होती. एरवी तिने मूठ झाकूनच विचारलं असतं. त्या दिवशी बोटं भराभर चालली. तिने लिहिलं, काका, ते एक्सचेंज या आठवड्यात पैसे काढणं बंद करणार आणि तांत्रिक देखभालीचं कारण पुढे करणार, हे खरं का? आता देखभालीचं घुबडाने काहीच सांगितलं नव्हतं. ती तिची स्वतःची भर होती. अशा वेळी सगळेच देखभाल म्हणतात, म्हणून सहज आलेली. लिहिलं, पाठवलं आणि ती विसरून गेली.

काकांचं उत्तर आलं, माहीत नाही, विचारून सांगतो. म्हणजे काही हाती लागलं नाही. मग तासा-दोन तासांनी तिने वकीलबाईंना फोन लावला. वकीलबाई दुसऱ्या शहरात असत, अशा कंपन्यांचे खटले लढवत. काकांशी त्यांचा दूरान्वयानेही संबंध नाही, असं चाळणीला वाटत होतं. या वेळी तिने अगदी शहाण्यासारखं विचारलं, काही कानावर आलंय का, आणि गप्प बसली.

“आलंय ना,” वकीलबाई म्हणाल्या. “पैसे काढणं बंद करतायत म्हणे. देखभालीचं निमित्त सांगणार आहेत. आतल्या माणसाकडून आलेलं आहे हे.”

कोण आतलं, ते त्यांनी सांगितलं नाही. पण माणूस खात्रीचा आहे म्हणाल्या. देखभालीचं घुबडानेच सांगितलंय, असं एव्हाना चाळणीच्या डोक्यात बसलं होतं. न सांगता, न सुचवता, देखभालीपर्यंतचा बारकावा जुळला होता. बारकावा जुळला म्हणजे खरं, हे तिनेच किती जणांना शिकवलं होतं. तिने तुफानच्या मजकुरात ‘कंपनीच्या आतल्या गोटातून मिळालेल्या माहितीनुसार’ एवढे शब्द घातले आणि ‘चालेल’ म्हणाली.

पुढे जे व्हायचं ते झालं. बातमी बाहेर पडली आणि लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्याचे म्हणून पैसे तिथे होते तो ते काढायला धावला. एका वेळी एवढी माणसं एका दारात घुसली तर दार कसं टिकणार? संध्याकाळ व्हायच्या आत एक्सचेंजने पैसे काढणं बंद केलं. कारण दिलं, तांत्रिक देखभाल.

ऑफिसात टाळ्या वाजल्या. तुफानने खालच्या बेकरीतून केक आणला. मोठमोठ्या वेबसाइटी त्यांचं नाव घेऊन बातमी देत होत्या. संपादकांनी केकचा पहिला तुकडा चाळणीला दिला आणि हिच्या हातून काही निसटत नाही असं सगळ्यांदेखत म्हणाले. तिने तो खाल्ला. घशाखाली उतरताना दादाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, पण बातमी खरी होती, आणि खऱ्या बातमीबद्दल कुणाची माफी मागायची नसते असं तिने स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस काकांचा फोन आला. अभिनंदन करायलाच. म्हातारा माणूस खुशीत होता. म्हणाले, तुझा प्रश्न वाचला तेव्हाच मी ओळखलं, या पोरीला उगाच शंका यायची नाही, आतून काहीतरी लागलेलं असणार. म्हणून मग मीही दोघा-तिघांकडे खडा टाकून पाहिला, तुझ्याच शब्दांत.

“कुणाकुणाला विचारलंत, काका?” तिने विचारलं.

त्यांनी नावं सांगितली. त्यातलं एक वकीलबाईंच्या भागीदाराचं होतं.

चाळणीने त्या नावावरून माग उलटा काढला. प्रश्न तिचा होता. तो काकांकडे गेला, तिथून भागीदाराकडे, तिथून वकीलबाईंकडे, आणि वाटेत कुठेतरी प्रश्नाचं उत्तर झालं. काकांनी ‘आतून लागलेलं असणार’ म्हटलं, त्याचा पुढच्या माणसाने ‘आतल्या माणसाकडून’ केला. आणि ते फिरून तिच्यापाशी आलं तेव्हा स्वतःचीच देखभाल तिला ओळखू आली नाही. दुसरं सूत्र नव्हतंच. पहिलं म्हणाल तर एक घुबड, तेही जगाला दिसतं तेवढंच पाहून अंदाज बांधणारं.

ती उठून संपादकांच्या खोलीत गेली आणि तिने सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही. संपादकांनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले की बातमीत आपण लिहिलं, पैसे काढणं बंद होणार, बंद झालं, आता दुरुस्ती कशाची छापायची? तिने म्हटलं, बंद झालं ते आपल्यामुळे. संपादक म्हणाले की ते सिद्ध कर. आणि मग, उठता उठता, आपण कुणापुढेही आपली सूत्रं उघड करत नाही हे लक्षात ठेव, असं त्यांनी बजावलं. ज्या नियमासाठी बातमीदार तुरुंगातही जातात तो नियम त्यांनी, मुळात नसलेलं सूत्र झाकायला, रिकाम्या खुर्चीवर पांघरूण घालावं तसा वापरला. तिला ते कळलं. तरी ती मूग गिळून आपल्या टेबलाशी येऊन बसली.

इथे तिची बाजू घेण्यात अर्थ नाही. ती घाबरली होती. गावभर जिच्या शहानिशेचा डंका, तिनेच आपल्या प्रश्नाला उत्तर समजावं, हे कुणाला सांगायचं? शिवाय वेळ जात होता आणि वेळ जाईल तसं सांगणं अवघड होत होतं. चार-पाच दिवसांनी एक्सचेंजने पैसे काढणं पुन्हा सुरू केलं. सगळ्यांचे सगळे पैसे जागच्या जागी होते. ती बातमीही चाळणीच्याच टेबलावरून गेली. तिने ती वाचली, कुठे खोट नाही असं पाहिलं आणि ‘चालेल’ म्हणाली.

त्या रविवारी दादाकडे जाऊ नये असंच तिच्या मनात होतं. पण न जाणं म्हणजे कबुलीच. ती गेली. दार वहिनीने उघडलं, या म्हणाली आणि आत वळली. टेबलावर तीनच ताटं होती. दादाची दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. पण त्याने तिला पाहून हसण्याचा प्रयत्न केला, आणि तिला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा दादाने स्वतःच करार मोडला. वहिनीने हातातला चमचा खाली ठेवला, पण ती त्याला अडवायला गेली नाही. दादाने सांगितलं की कंपनी तिजोरी बदलत होती, एवढंच होतं. जुनी रिकामी करून नवीत भरायची, काम अर्ध्यावर होतं, आणि नेमकी त्याच वेळी बातमी आली. लोक तुटून पडले. अर्धे पैसे जुन्या कुलपात, अर्धे नव्यात, बंद करण्यावाचून इलाज नव्हता. आता वरच्यांना एकच हवं होतं: आतलं कोण बोललं. पहिला संशय अर्थात त्याच्यावर. बहीण त्या वेबसाइटमध्ये, मग आणखी काय पाहिजे? तीन माणसांपुढे बसवून त्याला दिवसभर विचारत राहिले.

“दादा, मला तेव्हाच सांगायचंस ना,” ती म्हणाली.

“काय सांगायचं? आपला करार होता.” तो जरा थांबला. “मी त्यांना म्हटलं, मी तिला काहीही सांगितलेलं नाही आणि ती मला विचारणारही नाही. पण एक खरं, आतलं कुणीतरी बोललंच आहे. माझी बहीण दोन ठिकाणी खात्री केल्याशिवाय एक अक्षर सोडत नाही. तिने आतल्या गोटातून लिहिलंय ना, मग ते आतूनच आलंय. बाहेर शोधू नका.”

हे सांगताना त्याच्या आवाजात अजूनही किंचित ऐट होती. लहानपणी तिचा निकाल शेजाऱ्यांना वाचून दाखवताना असायची तशी. चाळणीचा हात ताटातच राहिला.

मग वरच्यांनी दादाला विचारलं, तिजोरी बदलण्याचं कुणाकुणाला माहीत होतं. मोजक्याच लोकांना. त्यातला बाहेर जाणारा-येणारा, चार माणसांत मिसळणारा कोण? दादाने खूप वेळ टाळलं. पण त्याला एवढी खात्री होती, की कुणीतरी आहेच, मग आपण लपवतो कुणाला? शेवटी तो म्हणाला, असलाच तर किल्लीवाला असेल. शुक्रवारी किल्लीवाल्याकडून राजीनामा लिहून घेतला. टेबलावर चौथं ताट का नव्हतं ते तिला आता कळलं.

“दादा,” ती म्हणाली, “कुणीच बोललं नाही.”

त्याला समजलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, पहिल्यापासून. आपण काय विचारलं, कुणाला विचारलं, ते कसं फिरलं, आपल्यापर्यंत कसं आलं. देखभाल हा शब्द आपलाच कसा होता. हे आपल्याला बातमी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, हेही सांगितलं. वहिनी हळूच उठून पाण्याचा नळ बंद करून आली. तो चालू नव्हताच.

दादाने ताटावरून मान वर केली आणि विचारलं, “हे तरी नीट तपासून बघितलंयस का?”

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं, कारण हे खरं असेल तर त्याने आपल्या मित्राला विनाकारण बुडवलं होतं, आणि यातून सुटायला त्याला कुठेतरी एक फट हवी होती. चाळणीजवळ ती नव्हती.

“बघितलंय,” ती म्हणाली.

तिने तिथेच, उष्टी ताटं बाजूला सारून, फोनवर लिहायला घेतलं. एक्सचेंजच्या चौकशी करणाऱ्यांना आणि आपल्या संपादकांना, दोघांना एकच मजकूर. आमच्या बातमीत आतल्या गोटातली माहिती म्हटलं होतं, ती नव्हती. दुसरं सूत्र म्हणून मी जे धरलं तो माझाच प्रश्न फिरून आलेला होता. तुमच्या कुणाही माणसाने आम्हाला काही सांगितलेलं नाही. काकांचं आणि वकीलबाईंचं नाव तिने घातलं नाही. स्वतःचं घातलं. पाठवण्याआधी तिने फोन दादासमोर धरला. हे बाहेर आलं की किल्लीवाल्यावर बोट ठेवणारा कोण, तेही बाहेर येणार होतं, आणि तिला ते त्याच्या मागे करायचं नव्हतं. दादाने वाचलं. त्याने स्वतःच्या बोटाने ते पाठवलं आणि चप्पल घालायला उठला.

किल्लीवाल्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. वाटेत चाळणीचा फोन वाजायला लागला. संपादकांचा होता. वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिने तो पर्समध्ये तसाच वाजू दिला. नोकरी आता राहत नाही हे तिला कळत होतं आणि त्याचं दुःख करायला पुढे पुष्कळ वेळ मिळणार होता. दादा तिच्या एक पाऊल पुढे चालत होता.

दार किल्लीवाल्यानेच उघडलं. घरचे कपडे, हातात पेचकस; कुठल्याशा पंख्याचे भाग मागे जमिनीवर मांडलेले होते. दादाला पाहून तो बाजूला झाला, आत या म्हणाला. राग दिसला असता तर दोघांना सोपं गेलं असतं. दिसली ती शरम. दादा तोंड उघडणार तोच तो स्वतःच बोलायला लागला.

“तुम्ही माझं नाव सांगितलंत ते कळलं मला. तुमचं काही चुकलं नाही. मी आठवडाभर तोच विचार करतोय. न्हाव्याकडे बोललो असेन का, लिफ्टमध्ये फोनवर बोललो असेन का. काही आठवत नाही. पण ताईंच्या इथे छापून आलंय म्हणजे कुणीतरी बोललं असणारच. आणि दुसरं होतं कोण? मीच असणार.” त्याने पेचकस कपाटावर ठेवला. “म्हणून मी सही करून टाकली. भांडायला तोंड कुठे होतं?”

दादा भिंतीकडे वळला. चाळणीला वाटलं होतं की आपण माफी मागू, आणि समोरचा ती देईल किंवा देणार नाही. यातलं काहीच इथे उपयोगाचं नव्हतं. हा माणूस तिच्या खोट्या बातमीसाठी स्वतःच्या आठवणी उकरत बसला होता.

“तुम्ही कुठेही काहीही बोलला नाहीत,” ती म्हणाली. “कुणीच बोललं नाही. मी एकाला प्रश्न विचारला आणि तोच फिरून माझ्याकडे आला, मी त्याला आतली बातमी समजले. तुमचा त्यात काहीही संबंध नाही. मी तसं लिहून पाठवलंय.”

किल्लीवाल्याने तिच्याकडे पाहिलं. विश्वास ठेवावा की नाही, हे तो ठरवत होता. पूर्वी तिच्याबाबतीत हा प्रश्न त्याला पडला नसता.

“मी बोललो नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

तो आत गेला. आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. बायकोला दंडाला धरून तो बाहेर घेऊन आला. तिचे डोळे सुजलेले होते आणि तिने या दोघांकडे पाहिलंही नाही. किल्लीवाल्याने तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः तिच्या मागे उभा राहिला.

“हिचाही माझ्यावर विश्वास उरलेला नाही,” तो म्हणाला. “हिच्यासमोर परत सांगा. सगळं. पहिल्यापासून.”

चाळणीने परत सांगितलं.